एकट्याच्या केळीनं कंटेनर भरत नाही

आधी हिशोब सांगतो, मग गोष्ट. चाळीस फुटी रीफर म्हणजे थंड ठेवणाऱ्या कंटेनरमध्ये साडेतेरा किलोचे साधारण 1,540 बॉक्स बसतात, म्हणजे वीस-एकवीस टन केळी. आखाताकडं जाणारा माल असाच जातो. आता जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावल पट्ट्यातल्या नेहमीच्या शेतकऱ्याकडं केळी असते दोन एकर, तीन एकर, पाच एकर म्हणजे बरीच झाली. पाच बाय पाचवर लावली तर एकरी साडेसतराशेच्या आत-बाहेर झाडं बसतात, घड पंचवीस किलोचा धरला तर एकरी चाळीस टनाच्या वर आकडा जातो, मग कागदावर वाटतं की अर्ध्या एकरातच कंटेनर भरला की राव. पण बाग एका दिवशी कापायला येत नाही. निसवण, म्हणजे झाडातून घड बाहेर पडणं, मागंपुढं होते, एका खेपेला कटाईला येतात ते बागेतले थोडेच घड, त्यातून डागी, ओरखडलेले, बारीक राहिलेले बाजूला काढा, मग एक्स्पोर्टचं म्हणून जे उरतं ते दीड-दोन टन. म्हणजे एका दिवसात एका वयाचा वीस टन माल काढायचा तर दहा-बारा जणांच्या बागा जवळपास एकाच आठवड्यात लागलेल्या पाहिजेत, आणि त्या सगळ्यांनी लावणीपासून कटाईपर्यंत एकसारखं काम केलेलं पाहिजे.

अर्थशास्त्रात मानवी भांडवल आणि सामाजिक भांडवल असे दोन जड शब्द आहेत. पहिलं म्हणजे माणसाच्या डोक्यात-हातात-अंगात जे आहे ते, शिक्षण, कसब, तब्येत. दुसरं म्हणजे माणसामाणसात जे आहे ते, भरवसा, ओळख, एकमेकांचा शब्द आणि शब्द मोडला तर काय होईल याचा धाक. थिओडोर शुल्ट्झ या अर्थशास्त्रज्ञाला 1979 साली नोबेल मिळालं ते शेती आणि विकासावरच्या कामाबद्दल, त्याचं म्हणणं होतं की जमीन-पाणी-यंत्र यापेक्षा माणसाच्या अंगातल्या गुणात घातलेला पैसा जास्त परत देतो. ते खरंच आहे. पण खाली जे प्रकरण लिहितोय त्यात पहिलं भांडवल भरपूर होतं तरी त्याचा पैसा होईना, कारण दुसरं कमी पडत होतं. आणि नंतर दुसरं जमलं तेव्हा कळलं की पहिलं भलत्याच माणसांच्या हातात आहे.

गाव रावेर तालुक्यातलं, सातपुड्याच्या बाजूचं. नाव लिहीत नाही, माझ्या नात्यातले लोक आहेत आणि उद्या लग्नकार्यात तोंड दाखवायचंय.

या भागाला केळी नवीन नाही. आमच्या आजोबांच्या वेळी बसराई, श्रीमंती या जाती होत्या, कंद लावायचे, पाटानं पाणी, अठरा महिन्यांचा खेळ. सावदा-निंभोरा-रावेर स्टेशनावरून वॅगनी भरून केळी दिल्लीकडं जायची, फ्रूट सेल सोसायट्या होत्या, म्हणजे एकत्र येऊन माल पाठवायची सवय इथं आधीपासून आहे. नव्वदीच्या दशकात जळगावच्या जैन इरिगेशननं ग्रँड नैन जातीची टिश्यू कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेली रोपं आणि ठिबक दोन्ही बांधापर्यंत आणलं आणि मग चित्र पालटलं, पहिला हंगाम अकरा-बारा महिन्यांवर आला, घड मोठा, माल एकसारखा. 2016 ला जळगाव केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. 2021 च्या जूनमध्ये आमच्याच तालुक्यातल्या तांदलवाडीच्या शेतकऱ्यांची 22 टन मानांकित केळी दुबईला गेली, तेव्हा पेपरात फोटोबिटो आले, आणि आमच्याकडच्या प्रत्येक बांधावर एकच विषय, की तांदलवाडीवाल्यांना जमतं तर आपल्याला का नाही.

बरोबर प्रश्न आहे. रोप तेच, ठिबक तेच, काळी जमीन तीच, मे महिन्यातलं पंचेचाळीस डिग्री ऊनसुद्धा तेच.

या गावात एक आप्पा आहेत. माझ्या आईच्या मावसभावापैकी, पण गावात सगळेच त्यांना आप्पा म्हणतात. शिक्षण जुनी मॅट्रिक. माणूस मात्र शिकायला भुकेला, जिथं केळीचं ट्रेनिंग असेल तिथं वही घेऊन हजर, मुलगा बीएस्सी ॲग्री केलेला, तोही घरीच. या बापलेकांनी तीन एकरात एक्स्पोर्टची बाग उभी केली होती, दुबईच्या बातमीच्याही आधी. घड निसवला की त्या आठवड्याच्या रंगाची रिबीन बांधायची, या आठवड्यात लाल, पुढच्या आठवड्यात निळी, म्हणजे कापताना घडाचं वय नजरेला दिसतं. केळफूल वेळेवर मोडायचं, खालच्या बारीक फण्या काढून आठ-नऊच ठेवायच्या, केळाच्या टोकाची वाळकी फुलं हातानं काढायची कारण तीच नंतर शेजारच्या केळाला ओरबाडतात, फुलकिड्याची फवारणी, वरून घडाला झाकणारी स्कर्टिंग बॅग. आप्पांच्या सुनेकडं वही असायची, कोणत्या ओळीत कोणत्या रंगाच्या किती रिबिनी, सगळं तारखेनिशी. ती वही मी पाहिलीय, बँकेतल्या लेजरपेक्षा नीट.

माल तयार झाला. एक्स्पोर्टवाल्याचा माणूस आला, केळाची जाडी मोजायचा कॅलिपर लावून पाहिलं, म्हणाला आप्पा माल एक नंबर. किती निघेल आज? आप्पा म्हणाले चार टन. तो म्हणाला चार टनासाठी मी कंटेनर कुठून आणू, अजून सोळा टन असाच दाखवा.

तो सोळा टन गावात नव्हता. म्हणजे केळी हजारो टन होती, पण अशी नव्हती, या वयाची नव्हती. शेवटी आप्पांचा तो काचेसारखा माल नेहमीच्या लोडिंगवाल्याकडं गेला, ट्रकमध्ये पत्ती अंथरून, बोर्डाच्या म्हणजे रोज जाहीर होणाऱ्या भावाच्या खालीच, वर दांड्याच्या वजनाची कटती म्हणजे कपात. रिबिनीचा, बॅगेचा, फुलं काढायच्या मजुरीचा खर्च अंगावर. शेजाऱ्याच्या साध्या बागेला जो भाव तोच यांना. गावानं काय शिकायचं ते शिकलं, की एवढी मरमर करून उपयोग नाही.

या ठिकाणी मला थांबायचंय कारण आपल्याकडं ट्रेनिंग देणाऱ्या संस्था नेमक्या इथं चुकतात. त्यांच्या रिपोर्टमध्ये आप्पा म्हणजे यशोगाथा, प्रशिक्षित शेतकरी, तंत्र अवगत. पण कसबाचा भाव त्या कसबावर ठरत नाही, शेजारी किती जणांकडं तेच कसब आहे आणि ते तुमच्याबरोबर तारीख पाळतात का त्यावर ठरतो. फॉस्टर आणि रोझेनझ्वाइग या दोन अर्थशास्त्रज्ञांनी हरितक्रांतीच्या काळातल्या भारतातल्या शेतकऱ्यांचा अभ्यास करून 1995 साली मांडलं होतं की नव्या बियाण्याचा फायदा शेतकऱ्याला स्वतःच्या अनुभवानं तर वाढतोच पण शेजाऱ्याच्या अनुभवानंही वाढतो. ते शिकण्यापुरतं झालं. केळीच्या कंटेनरमध्ये गोष्ट अजून पुढं जाते, इथं शेजारी नुसता शिकून चालत नाही, त्याचा माल तुमच्या मालाशेजारी त्याच डब्यात बसतो. आणि केळी हे असं फळ आहे की एक घड जास्त वयाचा गेला आणि वाटेत पिकायला लागला की त्यातून इथिलीन वायू सुटतो आणि तो शेजारच्या हिरव्या बॉक्सलाही पिकवायला घेतो. तेरा-साडेतेरा डिग्रीवर ठेवलं तरी. म्हणजे एकाची लबाडी सगळ्यांच्या बॉक्सात पसरते, तीही समुद्रात गेल्यावर, जिथं कुणी काही करू शकत नाही.

मग गट झाला. कसा झाला ते ऐकण्यासारखं आहे. कुणी अधिकारी आला नाही, योजना नव्हती. दुबईच्या बातमीनंतरच्या उन्हाळ्यात आप्पांच्या पुतण्याच्या लग्नात मांडवात बसल्या बसल्या ठरलं. बारा-चौदा जण, त्यातले दोन सोडले तर सगळे भाऊबंद किंवा सोयरे. व्हॉट्सॲपवर ग्रुप, रोपांची ऑर्डर एकत्र, लावणी जूनच्या एका ठरलेल्या आठवड्यात. सुनेच्या वहीची पानं झेरॉक्स करून सगळ्यांना वाटली. ही सूनबाई म्हणजे गटाचा खरा कणा, पण ग्रुपमध्ये तिचा नंबर नाही, नवऱ्याचा आहे, तो तिला विचारून टाईप करतो. हसू येतं पण असंच चालतं आपल्याकडं.

जेम्स कोलमन नावाच्या समाजशास्त्रज्ञानं 1988 साली न्यूयॉर्कच्या हिरे व्यापाऱ्यांचं उदाहरण दिलं होतं, एक व्यापारी दुसऱ्याला लाखमोलाची हिऱ्यांची पुडी निवांत तपासायला देऊन टाकतो, पावती नाही विमा नाही, कारण दोघं एकाच बिरादरीतले, लेकीबाळी एकमेकांकडं दिलेल्या, लबाडी केली तर धंदाच नाही तर घरदारही जातं. आमच्या गटाचं अगदी तेच. कागदावर एक अक्षर नव्हतं. मी नोकरीतला माणूस, मी म्हटलं निदान शंभराच्या स्टॅम्पवर तरी लिहा, तर एक नाना म्हणाले, "कागदावर लिवलं म्हंजे भरोसा नई असं झालं ना भाऊ."

पहिला कंटेनर भरायचा दिवस जवळ आला आणि दिल्लीचा भाव उसळला. उत्तरेत सण होते, माल कमी होता, व्यापारी बांधावर येऊन रोख मोजायला लागले. गटातल्या एकानं रात्रीतून बाग कापून दिली. त्याची गरजही खरी होती, सोसायटीचं कर्ज थकलेलं, मुलीची फी. पण कंटेनर दीड-दोन टनानं कमी पडला आणि ती जागा भरायला ऐनवेळी शेजारच्या गावचा माल घेतला, ज्याला ना रिबीन ना वही, नुसत्या नजरेनं वय ठरवलेलं. पुढं काय झालं असेल ते ओळखलंच असेल तुम्ही. तिकडं पोचल्यावर तक्रार, काही बॉक्स पिवळे, बिलातून कपात, आणि कपात सगळ्यांवर सारखी.

आता त्या माणसाला गटातून हाकललं का, तर नाही. हा भाग मला फार आवडतो. आप्पा आणि नाना त्याच्या घरी गेले, चहा पिला, पावसापाण्याचं बोलले, पैशाचा विषय काढलाच नाही म्हणे. पुढच्या आठवड्यात तो स्वतःच आला. मग नियम झाले. प्रत्येकानं एकरामागं थोडी अनामत ठेवायची, कटाईच्या आधी बाहेर माल दिला तर ती गेली. दुसऱ्यांदा दिला तर पुढच्या वर्षी रोपांच्या ऑर्डरमध्ये नाव नाही. आणि ज्याला मधेच खरी नड असेल त्यानं गटाकडं सांगायचं, गट त्या अनामतीतून उचल देणार. एलिनॉर ऑस्ट्रॉम या अभ्यासक बाईनं सामायिक पाण्या-जंगलांवर आयुष्यभर काम केलं, 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल तिला मिळालं, तिचं एक निरीक्षण असं होतं की टिकणाऱ्या गावगटांत शिक्षा एकदम कडक नसते, पायरीपायरीनं वाढते, आणि नियम वापरणाऱ्यांनीच केलेले असतात. नानांनी तिचं नावही ऐकलेलं नाही. आणि नड ओळखून उचल द्यायचा नियम तर मला शिक्षेपेक्षा मोठा वाटतो, कारण माणूस बहुतेक वेळा लोभानं नाही तर अडल्यामुळं शब्द मोडतो.

दुसऱ्या वर्षी दोन कंटेनर व्यवस्थित गेले. भाव गावच्या भावापेक्षा चांगला पडला, किती ते सांगत नाही, त्यांचा धंदा आहे. पण पैशापेक्षा एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. आधी जी पोरं बारावी करून जळगावला नाहीतर पुण्याला कंपनीत हेल्परी करायला जायची त्यातले दोघं-तिघं पॅकहाऊसच्या, म्हणजे माल धुऊन-निवडून बॉक्स भरायच्या जागेच्या कामात राहिले, एक जण तर कॅलिपर, तापमान, कागदपत्रं सगळं बघायला लागला. म्हणजे गटामुळं शिकायला कारण मिळालं. याआधी शिकून काय करायचं हा प्रश्नच होता.

इथवर गोष्ट गोड आहे, आणि बहुतेक लोक इथंच संपवतात.

पण बॉक्स भरतं कोण? गटातला एकही जण नाही. बागेतून घड खांद्यावर, खाली न टेकवता, फोमवर आणणारे, फण्या कापणारे, तुरटीच्या पाण्यात चीक धुणारे, डाग बघून माल बाजूला करणारे, बॉक्समध्ये साडेतेरा किलो अंदाजानं जवळपास अचूक लावणारे, हे सगळे सातपुड्यातल्या पाड्यांवरचे पावरा-बारेला आदिवासी लोक. त्यांची एक टोळी गटानं धरलेली होती आणि टोळीची मुकादम एक बाई. शाळा किती शिकली विचारू नका, सही करते एवढंच. पण मी तिला ग्रेडिंग करताना जवळून पाहिलंय. फणी हातात आली की एकदा उलटी, एकदा सुलटी, अंगठा एका केळाच्या कडेवर फिरवते आणि फणी डावीकडं किंवा उजवीकडं जाते. कॅलिपर लावायची गरजच नाही, कॅलिपरवाला पोरगाच शंका आली की तिला विचारतो. केळाच्या कडा किती गोल झाल्यात त्यावरून वय ओळखायचं हे नुसतं ट्रेनिंगमध्ये ऐकून जमत नाही, वर्षानुवर्षं हजारो घड हातातून गेल्यावर येतं. मानवी भांडवल म्हणतात ते हे, आणि ते बीएस्सीवाल्याकडं नव्हतं, तिच्याकडं होतं.

तिसऱ्या हंगामात टोळी आली नाही. दुसरीकडच्या पॅकहाऊसनं बॉक्समागं रुपया-दोन रुपये जास्त दिले आणि राहायला पत्र्याची का होईना पण पाण्याची सोय असलेली खोली दिली, टोळी तिकडं. गटानं आणलेली दुसरी टोळी नवशिकी, ओरखडे, वजन कमीजास्त, एक कंटेनर भरायला एक दिवसाचं काम दोन दिवस चाललं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत कापलेला माल ऊन खात पडला. गावात बोलणं काय, तर "ह्या लोकायचा भरोसाच नई."

आता बघा. गटातल्या माणसानं शब्द मोडला तेव्हा दोघं वडीलधारे त्याच्या घरी चहा प्यायला गेले, त्याची नड समजून घेतली, नियम केला. या बाईच्या पाड्यावर कुणी गेलं नाही. तिची उचल, तिच्या पोराचा दवाखाना, राहायची जागा, पावसाळ्यात काम नसताना काय, यातला एकही विषय ग्रुपवर कधी आला नव्हता. तिच्याशी व्यवहार फक्त मजुरीचा होता, मग तिनंही मजुरीचाच व्यवहार केला, जास्त दिला तिकडं गेली, यात भरवशाचा प्रश्न येतो कुठं? मला तर वाटतं तिनं केलं ते अगदी बाजारासारखं केलं आणि आपण तिच्याकडून भाऊबंदकीची अपेक्षा धरली, भाऊबंदकीतलं काहीही न देता.

रॉबर्ट पुटनम या अमेरिकन अभ्यासकानं इटलीच्या उत्तर आणि दक्षिण भागातल्या प्रादेशिक सरकारांची तुलना करून सामाजिक भांडवलाचा विषय गाजवला, नंतर त्यानंच त्यात दोन प्रकार मांडले, एक आपल्याआपल्यात घट्ट बांधणारं आणि एक परक्यापर्यंत पूल टाकणारं. आमच्याकडं पहिल्या प्रकाराचा पूर आहे. इथल्या शेतकरी लेवा समाजाचं संघटन, सोसायट्या, शिक्षण संस्था, एकमेकांना उभं करायची पद्धत, याच्या जोरावर या पट्ट्यानं खूप कमावलं, नाकारण्यात अर्थ नाही. पण तीच घट्ट वीण बाहेरच्याला आत येऊ देत नाही, आणि आतल्यालाही जुन्या वाटेवरच ठेवते. एक उदाहरण देतो. केळीची शंभर वर्षांची ओळख आमची, पण निर्यातीत सोलापूरकडचे टेंभुर्णी, कंदर, करमाळा हे लोक आमच्या पुढं निघून गेले, ज्यांच्याकडं केळी नंतर आली. याला कारणं बरीच आहेत, न्हावाशेवा बंदर त्यांना जवळ, आमच्याकडचं ऊन, गरम वारे, केळीवरचा हरण्या हा विषाणूचा रोग, खाली खाली जाणारं तापीकाठचं भूजल. पण माझ्या मते एक कारण हेही आहे की आमचे दिल्ली-पंजाबच्या व्यापाऱ्यांशी पिढ्यांचे संबंध इतके पक्के की नव्या गिऱ्हाईकासाठी ते तोडायला कुणी धजत नाही. व्यापारी कटती लावतो, पैसे लांबवतो, पण मुलीच्या लग्नात रात्री फोन केला तर पैसे पाठवतो. एक्स्पोर्टवाला ते करत नाही. हे गणित बाहेरच्या सल्लागाराला कळत नाही आणि तो म्हणतो शेतकरी अडाणी आहे.

सध्या काय चाललंय ते सांगतो. गट शेतकरी उत्पादक कंपनी करायच्या मागं आहे. किमान दहा उत्पादक लागतात, ते आहेतच, कागद सीएकडं गेलेत. भांडण दोन गोष्टींवर अडलंय. एक, भाऊबंदाबाहेरचे किती घ्यायचे, कारण अजून पाच-सात जण तयार आहेत, त्यात दोन जण खालच्या गल्लीतले, आणि काही जण उघड बोलत नाहीत पण तोंड वाकडं करतात. आप्पांच्या मुलाचं म्हणणं साधं आहे की आठवड्याला एक कंटेनर लावायचा तर एवढ्या लोकांनी भागत नाही, वेगवेगळ्या आठवड्यांची लावणी करणारे तीन-चार संच पाहिजेत, म्हणजे चाळीस-पन्नास जण, आणि एवढे भाऊबंद कुणाकडं असतात?

दुसरी गोष्ट टोळीची. मुलगा मागच्या महिन्यात मोटरसायकल काढून एकटाच त्या बाईच्या पाड्यावर जाऊन आला. तिनं तीन अटी सांगितल्या, राहायला पाण्याची सोय असलेली जागा, हंगामाआधी उचल, आणि बॉक्सचा रेट हंगामाच्या सुरुवातीला ठरवून सगळ्यांसमोर सांगायचा, मधेच बदलायचा नाही. पहिल्या दोन गटानं मान्य केल्या. तिसरीवर नाना अडून बसलेत, म्हणतात भाव पडला तर आम्ही कुठून देणार. सूनबाईनं वहीतून मागच्या दोन हंगामांचा हिशोब काढून दाखवला की नवशिक्या टोळीमुळं जेवढा माल बाजूला गेला त्यात रेटमधला फरक दोनदा निघाला असता. तो हिशोब ग्रुपवर टाकलाय, तोही नवऱ्याच्याच नंबरवरून. नानांच्या दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही. जूनची लावणी तोंडावर आहे, रोपांची ऑर्डर गेलेली आहे.